पावडरीला ऊन

ओहायोच्या प्लांटवरचं ऑडिट संपवून घरी आले तेव्हा मागच्या डेकवर पराती मांडलेल्या दिसल्या. दोन मोठ्या पराती, त्यांच्यावर माझी जुनी सुती ओढणी, आणि ती उडू नये म्हणून चारी बाजूंनी कपड्यांचे चिमटे. मला वाटलं, रव्यात किडे झाले असतील. वसंतात नवऱ्याची इंजिनिअरची नोकरी गेली, तेव्हापासून तो घरात दिसेल त्या वस्तूला ऊन दाखवत सुटला होता. उशा झाल्या, गाद्या झाल्या, मुलीच्या लहानपणच्या बाहुल्या झाल्या, तूरडाळीची तर दर आठवड्याला वारी निघायची डेकवर. रिकामा बसलेला माणूस काहीतरी करणारच, म्हणून मी कधी बोलले नाही. त्या दिवशी तर मला फक्त बूट काढून आडवं व्हायचं होतं.

तरी जाता जाता ओढणीचा कोपरा उचलला. खाली करडे-काळे बारीक दाणे होते. खसखशीपेक्षा जरा मोठे, शिसपेन्सिलीच्या टोकासारखे चमकणारे. दोन्ही परातींत तसेच.

ती बंदुकीची दारू होती.

मी बॅग खाली ठेवली आणि डेकच्या पायरीवर बसले. ओरडायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं.

नाशिकच्या एका बाईच्या बेसमेंटमध्ये, तेही मिशिगनमधल्या नोव्हायसारख्या सरळमार्गी इंजिनिअरांच्या गावात, बंदुकीची दारू काय करत होती हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच काहीतरी समजाल. आमच्या समोरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ राहायचे. गाड्यांच्या कारखान्यात टूलमेकर म्हणून त्यांनी सगळा जन्म काढलेला. बायको गेलेली, मुलगी ॲरिझोनात. या देशात सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, पण आमच्या घरात ते 'समोरचे काका'च होते. तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारायचे. नवऱ्याची जीभ काही केल्या वळायची नाही, तो 'सर' म्हणायचा. सर म्हणू नकोस असं सांगून सांगून ते बिचारे थकले.

काकांकडे त्यांच्या वडिलांची रायफल होती. जुनी, जड, मोठ्या कॅलिबरची. तिचं एक काडतूस माझ्या मधल्या बोटाएवढं लांब. त्या मापाची काडतुसं आता कोणी बनवत नाही, म्हणून ते घरीच भरायचे. बार उडाल्यावर पितळी कवच उचलून आणायचं, घासून स्वच्छ करायचं, बुडातली ठिणगी पाडणारी जुनी टिकली काढून नवी बसवायची, आत पावडर मोजून टाकायची, तोंडाशी गोळी ठेवायची आणि प्रेसचा दांडा खाली ओढून ती घट्ट बसवायची. झालं काडतूस. दारू म्हटलं की आमच्या नातेवाइकांचे कान टवकारतात, त्यामुळे घरात आम्ही पावडरच म्हणायचो.

मी त्यात कशी पडले? काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि त्यांना काट्यावरचे बारीक आकडे दिसेनात. "तुझा तर धंदाच मापं घेण्याचा आहे," ते म्हणाले, "जरा येऊन बघ." मी ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मापं घेते आणि घेतलेल्या मापांवर लोकांशी भांडते. अशी बाई कामावरून दमून आल्यावर पुन्हा मोजायला समोरच्या घरी का जाते, हे नवऱ्याला कधीच कळलं नाही. मलाही सांगता आलं नाही. कामावर मी काहीही मोजलं की चार जण मीटिंग लावतात. काकांच्या बेसमेंटमध्ये काटा थांबला की थांबला. कोणी 'पण' म्हणायचं नाही. तिथे मला बरं वाटायचं.

ती पावडर दुकानातली नव्हती. लष्कराने जादा म्हणून काढून टाकलेली, पुठ्ठ्याच्या पिंपातून विकलेली. दुकानातल्या पावडरीचं कोष्टक पुस्तकात छापलेलं असतं, किती टाकायची ते. हिचं तसं काही नव्हतं. प्रत्येक पिंपाचा स्वभाव निराळा, तो आपला आपण शोधायचा. काका आणि त्यांचा भाऊ तरुण असताना दोघांनी मिळून ते पिंप घेतलं होतं आणि अख्खा उन्हाळा थोड्यापासून सुरुवात करत, जपत जपत, त्या रायफलीला काय मानवतं ते शोधून काढलं होतं. तेव्हापासून ती रायफल फक्त तीच पावडर खायची. नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशीसुद्धा काकांनी त्याच हिशोबाने कानसून बसवलेली. भाऊ केव्हाच गेला. पिंपाच्या तळाशी थोडी पावडर उरली होती.

मागच्या हिवाळ्यात काका त्यांच्या बेसमेंटच्या जिन्यावरून पडले. मुलगी विमानाने आली आणि तिने बेसमेंटच्या दाराला कुलूपच घातलं. मग ते टेबल, प्रेस, काटा, ते पिंप आणि दुसऱ्या एका पावडरीचा पत्र्याचा डबा, असा सगळा संसार आमच्या बेसमेंटमध्ये आला. त्यांचे हातही तोवर थरथरायला लागले होते. कपात चहा अर्धाच द्यावा लागायचा.

थँक्सगिव्हिंग झालं की मुलगी त्यांना ॲरिझोनात, तिच्या घराजवळच्या एका वृद्धाश्रमात नेणार होती. घर विकायला काढलेलं. रायफल पुतण्याकडे जाणार. म्हणून नोव्हेंबरात हरणांचा सीझन उघडला की एकदा, एकदाच, वर उत्तरेला मित्राच्या रानात वडिलांची रायफल घेऊन बसायचं, एवढं काकांच्या मनात होतं. "मिळालं तर मिळालं," ते मला म्हणाले होते, "पण ती एकदा माझ्या हातून उडू दे." मी त्यांना शब्द दिला होता. ऑडिटवरून आले की शनिवारी बसून मूठभर काडतुसं भरून देईन म्हणून.

आणि आता ती पावडर आमच्या डेकवर ऊन खात होती.

या कामात एक नियम सगळ्यांच्या वर असतो. पावडर तिच्या मूळच्या डब्यातून बाहेर काढून दुसऱ्यात ठेवायची नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा. काकांनी पहिल्या दिवशी मला प्रेसला हात लावू देण्याआधी हे सांगितलं होतं, आणि नंतर मला पाठ झालं तरी सांगत राहिले. कारण पिंपातली पावडर सावकाश जळणारी होती आणि पत्र्याच्या डब्यातली झटकन पेटणारी, दुसऱ्या लहान बंदुकीची. एकीच्या मापाने दुसरी भरली, तर रायफल तोंडावर फुटते. आणि नुसतं बघून कुठली कोणती ते सांगता येत नाही.

नवरा चहाचा कप घेऊन बाहेर आला. "अगं, आलीस? तुझ्यासाठी टाकू?"

"हे काय केलंस?"

"वाचवली," तो म्हणाला. चेहरा असा, की आता मी शाबासकी देणार. "परवा काय पाऊस झाला माहितीये? बेसमेंटचं पाणी उपसणारा सम्प पंप बंद पडला. खाली पाणीच पाणी. पिंपाचं बूड भिजून लगदा व्हायला लागलं होतं, त्या दुसऱ्या डब्याचं झाकण गंजून निघालेलं. म्हटलं, काकांची पावडर गेली तर म्हातारा हाय खाईल. मग दोन्ही दह्याच्या डब्यांत काढल्या. स्वच्छ धुतलेले डबे, कोरडे करून. वर पट्टी लावली, एकावर 'पिंप', एकावर 'डबा'."

आमच्याकडे दह्याचे रिकामे डबे किती आहेत, ते विचारू नका. नवरा टाकू देत नाही. फ्रीजमध्ये दह्याचा डबा उघडला की आत कधी चटणी निघते, कधी भिजवलेली मेथी, दही सोडून सगळं.

"मग उन्हात कशाला?"

"दमट लागत होती हाताला. बुरशी आली असती. जरा ऊन दाखवलं की..."

"ऊन दाखवायला त्या काय साबुदाण्याच्या पापड्या आहेत?"

"तुला फोन केला होता. लागत नव्हता."

ते खरं होतं. प्लांटमध्ये आत फोन लागत नाही.

"बरं," मी म्हटलं. "पिंपातली कुठली?"

"ही, डावीकडची." मग तो परातींकडे बघत राहिला. "काल दुपारी ढग आले म्हणून आत घेतल्या होत्या. मग लगेच ऊन आलं, तर परत काढल्या. डावी डावीकडेच ठेवली असणार ना मी. हो. म्हणजे..."

तिथे तो थांबला. हातातला चहा तसाच राहिला. माझा नवरा भोळा आहे, पण मूर्ख नाही. काय झालंय ते त्याला माझ्या आधी कळलं असावं, कारण तो एकदम खाली बसला, माझ्या शेजारी, पायरीवर.

मी त्याला बोलले नाही. तो मायेने करायला गेला होता. आणि खरं सांगू का, रागवायलाही जोर लागतो, तो मी ओहायोत संपवून आले होते. तिथल्या एका तरुण सुपरवायझरचा सगळा माल मी त्याच आठवड्यात भंगारात घालायला लावला होता. माल दिसायला उत्तम होता, मापातही होता. पण कुठल्या पेटीतला कुठला, याचा माग मध्येच तुटला होता. तो पोरगा माझ्या मागे मागे फिरत होता, मॅडम, सेमच आहे, मी सांगतो ना. मी म्हटलं, तू सांगून उपयोग नाही.

संध्याकाळभर नवरा भिंग घेऊन बसला. चिमूटभर इकडची, चिमूटभर तिकडची, पांढऱ्या कागदावर. वास घेतला. आमच्या स्वयंपाकघराच्या काट्यावर चमचा चमचा तोलून पाहिली. दर थोड्या वेळाने म्हणायचा, "हीच ती. मला वाटतं हीच." मी म्हणायचे, झोप आता. आणि ती ओळखू आली असती तरी काय? उन्हाने पावडर सुकते, सुकली की जळण्याची चाल बदलते. भावाभावांनी अख्खा उन्हाळा घालवून शोधलेलं माप आता कुठल्याच परातीत उरलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी काका काठी टेकत आले. हातात एक लोकरी मोजा, त्यात पितळी कवचं. त्या थरथरत्या हातांनी त्यांनी ती एकेक घासली होती, सोन्यासारखी झाली होती. त्यांना किती दिवस लागले असतील, देव जाणे. त्यांनी मोजा आमच्या डायनिंग टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चल किड, बसू या." पोरी म्हणावं तसं ते मला 'किड' म्हणायचे.

नवऱ्यानेच सांगितलं. मी सांगणार होते, पण तो म्हणाला, नाही, मी सांगतो. "सर, आय ॲम सॉरी," इथपासून सुरुवात करून पाऊस, पंप, पिंप, डबे, पराती, ढग, सगळं. काका शेवटी एवढंच म्हणाले, "सन? यू पुट इट इन द सन?"

"येस सर. इंडियात आम्ही... धान्याला वगैरे..."

"घेऊन ये डबे," ते मला म्हणाले.

परातींतली पावडर परत भरून ठेवलेले दह्याचे दोन डबे मी आणून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एकातली चिमूट तळहातावर घेतली. तळहात हलत होता, दाणे टेबलक्लॉथवर सांडत होते. मग दुसऱ्यातली घेतली. डोळ्यांजवळ नेली. "ही," डावीकडचा डबा ठोठावत ते म्हणाले. "ही माझी. शंभर टक्के. पन्नास वर्षं बघतोय मी हिला."

नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. माझ्याकडे बघितलं.

मला तसं करायचं नव्हतं. पण माझ्या धंद्यात एकदा सांगितलेलं धरत नाहीत. मी दोन्ही डबे उचलले, ओट्यापाशी नेले, काकांकडे पाठ करून त्यांची अदलाबदल केली आणि परत आणून ठेवले. "परत एकदा सांगा."

काकांनी पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा बघितलं, आणि पुन्हा डावीकडच्याच डब्यावर बोट ठेवलं. मघाशी तो उजवीकडे होता.

नवऱ्याने मान खाली घातली. काकांनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"नवी पावडर आणू," मी म्हटलं. "दुकानातली. पुस्तकातलं माप घेऊ, कमीपासून सुरू करू, नेमबाजीच्या रेंजवर जाऊन..."

"किती वेळा जायचं रेंजवर?"

"पाच-सहा वेळा तरी."

"इतके धक्के खायला माझा खांदा बघितलास?" ते म्हणाले. "आणि सीझन आलाय तोंडावर. मला आता कशाचीच सुरुवातीपासून सुरुवात करायचा कंटाळा आलाय गं." इंग्रजीतच म्हणाले, पण मला ते असंच ऐकू आलं.

मग त्यांनी तो डबा माझ्याकडे सरकवला. "भर ह्यातली. रायफल माझी, तोंड माझं. या वयात काय जायचंय माझं?"

"नाही."

"किड. प्लीज."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी प्लीज ऐकलं नव्हतं. मागायचं असेल तेव्हा ते हुकूम सोडायचे, नाहीतर गप्प बसायचे. तरी मी म्हटलं, "मी भरणार नाही. आणि तुम्हालाही भरू देणार नाही."

"तू अगदी कारखान्यातल्यासारखी बोलतेस," ते म्हणाले आणि उठले. कवचांचा मोजा टेबलावरच राहिला. नवरा त्यांना रस्ता ओलांडून द्यायला मागे गेला, तर त्यांनी काठीनेच त्याला थांबवलं.

नंतर कित्येक दिवस ते बोलले नाहीत. दारात यायचे नाहीत. त्यांचा कचऱ्याचा डबा नवराच रस्त्यावर नेऊन ठेवायचा आणि परत आणायचा, तर पडदा जरा हलायचा, बस. मी कामावर जात होते, येत होते. दोन मॅनेजरांना नारळ मिळाला, त्यांचं काम आमच्या गळ्यात पडलं. घरी आले की तो मोजा दिसायचा. मला त्या दिवसांत झोपसुद्धा नीट लागत नव्हती, आणि दिवसभर झोपेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. आपण बरोबर होतो, हे मला माहीत होतं. त्याने काडीचाही आराम पडला नाही.

सीझन उघडायच्या आधी एका संध्याकाळी बेल वाजली. काका उभे होते. आत आले नाहीत.

"रिकामी भरून दे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पावडर नको, टिकली नको. नुसती गोळी बसव. पट्ट्यात लावायला. बापाची रायफल घेऊन मी उघड्या पट्ट्याने रानात जाऊ का?"

मी त्याच संध्याकाळी खाली बेसमेंटमध्ये बसले. काटा लावायची गरजच नव्हती. कवच ठेवायचं, गोळी ठेवायची, दांडा ओढायचा. प्रत्येकाच्या पोटाला ड्रिलने एक भोक पाडलं, म्हणजे कोणाच्या हाती लागलं तरी आत काही नाही हे कळावं. रिकाम्या काडतुसांना तसं भोक पाडतात, हेही काकांनीच शिकवलेलं. दिसायला फार देखणी झाली. हातात हलकी लागायची, तेवढंच.

त्यांना घेऊन कोण जाणार हा प्रश्न होता. त्यांच्या मित्राला आता गाडी चालवता येत नव्हती. "मी नेतो," नवरा म्हणाला. ज्या माणसाने उंदराचा पिंजरा लावायला मला आयुष्यभर पुढे केलं, तो माणूस हरणाच्या शिकारीला निघाला. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, आणि त्यावर शिकाऱ्यांचं ते भडक केशरी जाकीट. मी डब्यात मेथीचे ठेपले दिले. डबा अर्थातच दह्याचा.

अंधार पडता पडता दोघं परत आले. काका गाडीतून उतरले तेच मोठ्याने बोलत. मी धावत बाहेर गेले. इतक्या महिन्यांत त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता. "आला होता," ते म्हणाले. "हा एवढा नर. शिंगं अशी. समोर येऊन उभा राहिला. मी नेम धरला, खांद्यामागे, बरोबर जागेवर, आणि खट्. पावडर असती ना, तिथेच पडला असता." मग काठीने नवऱ्याच्या पोटरीला हलकेच टोचलं. "तुझ्या दह्याच्या डब्याने वाचवला त्याला."

"सॉरी सर," नवरा म्हणाला.

काका हसले. हसतच घरात गेले.

नवरा आत आला, माकडटोपी काढली आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत तसाच बसून राहिला. मी पाणी दिलं. ते संपवून म्हणाला, "हरीण खरंच आलं होतं. उभं होतं, अगदी इथून त्या मेलबॉक्सएवढ्या अंतरावर."

"मग?"

"त्यांना रायफल धरताच येत नव्हती गं. नळी झाडावरून आभाळात जायची, आभाळातून माझ्या पायांवर यायची. एकदा तर सरळ माझ्याकडेच आली. मी हललो नाही, म्हटलं, हरीण पळेल. मग त्यांनी चाप ओढला तेव्हा ती कुठे होती, देवाला माहीत. खट् झालं. हरणाने मान वर करून बघितलं आणि चालत गेलं. पळालंसुद्धा नाही."

"ते काय म्हणाले?"

"आधी रायफल खाली ठेवली. मग मला विचारलं, लागली असती ना? मी म्हटलं, हंड्रेड परसेंट, सर."

मला रडू आलं. दमल्यावर येतं तसं, कुठल्या एका गोष्टीसाठी नाही. नवऱ्याने उठून माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मग त्यालाही आलं. पावडर भिजली नसती, तिला ऊन दाखवलं नसतं, तर मी त्यांना दिलेला शब्द पाळला असता. खरी काडतुसं भरून दिली असती आणि नवऱ्यालाच त्यांच्याबरोबर धाडलं असतं. हे मला अजूनही कामावर असताना मध्येच आठवतं आणि हातातलं काम थांबतं.

जायच्या आधी काकांनी आम्हाला पावडरीची विल्हेवाट कशी लावायची ते दाखवलं. कचऱ्यात टाकायची नाही. मागच्या हिरवळीवर हळद शिंपडावी तशी पातळ, दूर दूर शिंपडायची आणि पाणी सोडायचं, गवताला खत होतं. ते डेकवर खुर्ची टाकून बसले आणि नवरा दह्याचे डबे घेऊन आवारभर फिरला. "तिकडे जास्त पडतेय," ते वरून सांगायचे. "येस सर," हा खालून म्हणायचा. डबे रिकामे झाले ते मी टाकून दिले. तेवढे दोन त्याने टाकू दिले.

आता काका ॲरिझोनात आहेत. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो आणि आम्ही तो स्पीकरवर लावतो. जेवणात मीठ नाही, बाहेर ऊन फार, शेजारचा म्हातारा घोरतो, हे झालं की मग ती गोष्ट. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कोणी ना कोणी नवीन आलेलं असतंच, त्याला ऐकवायची असते. "ऐका," ते त्या माणसाला सांगतात, "माझं शेवटचं हरीण एका इंजिनिअरने वाचवलं. माझ्या पावडरीला त्याने ऊन दाखवलं, पीठ मळायच्या परातीत. विश्वास नाही? विचारा त्याला." आणि नवरा ओट्यापाशी उभा राहून फोनकडे तोंड करून म्हणतो, "इट्स ट्रू. माय फॉल्ट, सर." पलीकडे चार-पाच म्हातारी माणसं हसतात. हरीण दर वेळी जरा मोठं झालेलं असतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवऱ्याला काँट्रॅक्टवर काम मिळालं. पहिल्याच रविवारी त्याला प्लांटवर जावं लागलं. फोन आला तेव्हा मी एकटीच होते.

"तो कुठाय?" काकांनी विचारलं.

"कामावर. नोकरी लागली त्याला."

"अरे वा." मागून ताटल्यांचा आवाज येत होता, म्हणजे टेबलावर माणसं होती. मी वाट बघत होते, आता गोष्ट सुरू होईल. झाली नाही.

"आज नाही सांगायची?" मी विचारलं.

"तुला काय सांगायचं," ते म्हणाले. "त्याने तुला सांगितलंच असेल, नळी कुठे कुठे फिरत होती ते."

मी नाही म्हणायला हवं होतं, पण मला खोटं पटकन सुचत नाही.

"चांगला माणूस आहे," काका म्हणाले. "त्याला म्हणावं, पुढच्या रविवारी घरी थांब. इथे एक नवीन बाई आलीये, तिने अजून ऐकलेली नाही."

मी नवऱ्याला एवढंच सांगितलं, की पुढच्या रविवारी सुट्टी घे. त्याने घेतली.